आई-बाबांना महागड्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये नेताना: कॅप्टनच्या बाजूने थोडंसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत, मुंबईत एखाद्या चांगल्या, म्हणजे खरंच चांगल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये त्यांना न्यायचंय. घरची पाच माणसं, बाबांना डायबेटिस, आई चिकन खाते पण मटण नाही, आणि मुख्य भीती ही की बाबा मेनूकार्डावर डाळीची किंमत बघून उठून निघतील. काय मागवायचं, हाताने जेवलं तर चालतं का, टीप किती आणि एकूण किती फटका बसेल.

मी 22 वर्षं याच धंद्यात आहे. मुंबईच्या फाइव्ह स्टारमध्ये स्टुअर्ड म्हणजे वाढपी म्हणून लागलो, मग कॅप्टन, म्हणजे टेबलावर येऊन ऑर्डर घेणारा, मग रेस्टॉरंट मॅनेजर, आता नवीन पोरांना सर्व्हिस शिकवतो. किचनमधला माणूस नाही मी, त्यामुळे रेसिपी विचारू नका, पण टेबलाच्या या बाजूने हजारो आई-बाबा बघितलेत, बिल आल्यावर चष्मा काढून पुसणारे बाबा तर रोजचेच.

आधी डाळीचंच घेऊ कारण सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. मोठ्या हॉटेलात काळी डाळ हजार रुपयांच्या आसपास किंवा वर असते आणि बाबांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, तिच्यातले उडीद, टोमॅटो, लोणी, क्रीम सगळं धरूनही आकडा फार होत नाही. ती रात्रभर मंद आचेवर शिजते, कोणीतरी उठून ढवळतं, हे खरं, पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आमच्यात अंदाजे हिशोब असा की कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवायचा, पण हा सगळ्या मेनूचा मिळून. जंबो कोळंबी किंवा मटणाच्या तंगडीत तो वर जातो, मग तो खाली ओढायला डाळ, पनीर, नान, पापड कामाला येतात. म्हणजे पलीकडच्या टेबलावरची कोळंबी थोडीफार तुमच्या डाळीवर चाललेली असते. म्हणून पैसे वसूलच करायचे असतील तर जे घरी होणं शक्य नाही ते मागवा, म्हणजे तंदूरमधलं, दमवालं. पनीर बटर मसाला मागवायला एवढ्या लांब जाऊ नका. डाळ मात्र एक घ्याच, ती घरी तशी होत नाही, मी तीनदा प्रयत्न केलाय आणि तिन्ही वेळा बायकोने नुसतं बघितलं.

आता माझा मुख्य मुद्दा. लोक महिनाभर रिव्ह्यू वाचतात, फोटो बघतात, आणि टेबलावर कॅप्टन आला की त्याला दीड मिनिटात कटवतात, जणू तो काहीतरी गळ्यात मारायलाच आलाय. (मारतोही काही वेळा, त्यावर येतो.) अहो तुमचं जेवण चांगलं होणार की नाही हे त्या पाच मिनिटांच्या बोलण्यावर ठरतं, आणि त्यातलं निम्मं बोलणं आदल्या दिवशी फोनवर होऊ शकतं. पंगतीत कसं, वाढपी ओळखीचा असला की जिलबी आपल्या पानापर्यंत येईस्तोवर संपत नाही, तसंच हे.

फोन दुपारी तीन ते सहाच्या मध्ये करा, लंच आवरलेला असतो आणि डिनरचा गोंधळ सुरू झालेला नसतो. फोनवर सांगा की लग्नाचा 40वा वाढदिवस आहे, दोघं ज्येष्ठ आहेत, टेबल एसीच्या थेट झोताखाली नको, स्पीकरखाली नको, आणि खोल सोफा नको, हाताची खुर्ची द्या. हे कोणी सांगत नाही आणि मग काकू त्या गुबगुबीत सोफ्यात अशा रुततात की ताट छातीशी येतं. टॉयलेटला जाताना पायऱ्या आहेत का तेही विचारून घ्या. आणि केक, मेणबत्त्या, स्टाफने टाळ्या वाजवत गाणं म्हणणं, हे हवंय का नकोय ते स्पष्ट सांगा. आम्ही न विचारता ते करतो, आणि मी असे बाबा बघितलेत की गाणं सुरू झाल्यावर टेबलाखाली गेले असते जागा असती तर.

आणि हो, तारीख कॅलेंडरवर बघा. हसू नका. माझ्याकडे एकदा सात जणांचं बुकिंग, सगळी तयारी, टेबलावर फुलं, आणि आल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या आज संकष्टी आहे. चंद्रोदय नऊनंतर होता. किचनने बिचाऱ्यांनी बटाटा, दाणे, दही असं जमवून काहीतरी केलं, पण बाकीचे सहा जण काकूंसमोर कबाब खाताना जे अवघडले होते ते मला अजून आठवतंय. श्रावणाचंही तसंच, घरात पाळत असाल तर पंधरा दिवस मागे-पुढे करा. तारीख तीच हवी असेल तर व्हेजमध्येही खूप काही असतं, फक्त आधी सांगा. कांदा-लसूण नको असेल तर "जैन" म्हणा, किचनला तो शब्द लगेच कळतो, पण मग बटाटा-गाजरही जाईल हे लक्षात ठेवा. व्हेज-नॉनव्हेजच्या सळया आणि तंदूर वेगळे आहेत का हेही विचारता येतं, त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

कुठे जायचं याबद्दल मी नाव सांगणार नाही, पण प्रकार सांगतो. आपल्याकडे "इंडियन फाइन डायनिंग" म्हणजे बरीच वर्षं फक्त उत्तरेचं, तंदूर आणि दम. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या लोकांनी दिल्लीत तंदूरी चिकन आणि बटर चिकन रुजवलं, दर्यागंजचं मोती महल त्यातलंच, आणि मोठ्या हॉटेलांनी तेच उचलून गालिच्यावर आणलं. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधलं बुखारा 1970च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, त्याचा मेनू आजही फारसा बदललेला नाही. दमाचं श्रेय बरंचसं लखनौच्या इम्तियाज कुरेशींना, 2016 साली पद्मश्री मिळाली त्यांना, 2024 मध्ये गेले. हा पहिला प्रकार. दुसरा म्हणजे आपलंच प्रांतोप्रांतीचं खाणं नव्या पद्धतीने देणारे, दिल्लीत 2009 साली इंडियन अॅक्सेंट आलं, मुंबईत 2015 साली लोअर परळला बॉम्बे कँटीन. आणि तिसरा म्हणजे टेस्टिंग मेनूवाले, महालक्ष्मीचं मास्क तसं, तिथे तुम्ही ऑर्डर करत नाही, ते दहा-एक छोटे छोटे कोर्स एकामागून एक आणतात आणि अडीच-तीन तास लागतात.

तिसरा प्रकार मला स्वतःला खूप आवडतो, पण 40व्या वाढदिवसाला, डायबेटिसवाल्या बाबांना घेऊन? नका नेऊ. एक तर प्रत्येक कोर्सला पोरगा येऊन दीड मिनिट समजावून सांगतो आणि बाबा ताटलीत बघून विचारतात "हे इतकंसंच का?", दुसरं म्हणजे पोटात नीट काही पडायला तास जातो. तो मेनू तुम्ही बायकोबरोबर खा. आई-बाबांना पहिला प्रकार, किंवा ते जरा हौशी असतील तर दुसरा. पहिल्यात एक धोका आहे, तिथे "व्हेज कोल्हापुरी" वगैरे दिसलं तर मागवू नका, तिचा कोल्हापूरशी संबंध फक्त तिखटापुरता, आणि आईचं माहेर तिकडचं असेल तर सगळी संध्याकाळ त्यावरच जाईल.

वेळ साडेसातची घ्या. मुंबईत गर्दी नऊनंतर होते, सव्वानऊला एकदम तीस केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, किचनमध्ये पडतात आणि तंदूरवाला एकटा, तोंडी काही नाही म्हणाला तरी तुमच्या कबाबावर ते दिसतं. साडेसातला तोच माणूस निवांत असतो. ऑर्डर दिल्यापासून पहिली डिश यायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. बाबांच्या गोळीचं किंवा इन्सुलिनचं डॉक्टरांनी सांगितलंय तसंच, फक्त ही पंचवीस मिनिटं हिशोबात घ्या, आणि बसल्या बसल्या कॅप्टनला सांगा की बाबांना आठच्या आत काहीतरी खायला हवंच. हे सांगितलं की आम्ही केओटीवर तसं लिहितो, एक कबाब पुढे काढतो. न सांगता मात्र आम्हाला ओळखता येत नाही. मखनी ग्रेव्हीत साखर किंवा मध असतो हेही बाबांना सांगून ठेवा, त्यांच्यासाठी कबाब, तंदूरी रोटी, डाळ बेताने, असं बरं. आणि त्या ग्रेव्ह्यांत काजू जवळजवळ नक्की, कोणाला अॅलर्जी असेल तर ती पहिल्या वाक्यातच बोला.

ऑर्डर. इथे आपली मराठी माणसं हमखास गडबडतात आणि त्याला कारणही आहे. आपलं ताट म्हणजे सगळं एकदम समोर, डावीकडे मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभात, त्यावर तूप, आणि शेवटी ताकभात. आपण जेवणाचा क्रम ताटातल्या ताटात लावतो. रेस्टॉरंटमध्ये तो क्रम किचन लावतं, एकेक करून पाठवतं. मग आपण वैतागून म्हणतो "सगळं एकदमच आणा हो", आणि मग टेबलावर बारा भांडी, नान गार, कबाब गार, सगळे घाईत. नान 400 अंशांच्या आसपास तापलेल्या तंदूरमधून येते, टेबलावर तीन-चार मिनिटं मजेत असते आणि त्यानंतर चपलेचा तळ. म्हणून रोट्या-नान कधीही पाचच्या पाच एकदम मागवू नका. दोन मागवा, तोडून वाटून खा, संपत आल्या की पुढच्या दोन. कॅप्टनला एकदा सांगितलं की तो स्वतःच लक्ष ठेवतो.

पाच जणांना साधारण असं पुरतं: दोन नॉनव्हेज कबाब, एक व्हेज, मग दोन भाज्या किंवा ग्रेव्हीवाल्या डिश, डाळ, आणि एक बिर्याणी सगळ्यांत मिळून. बस. वाटलं तर नंतर वाढवता येतं, किचन कुठे पळून जात नाही. प्रत्येक कबाबात पीस किती येतात ते विचारा, कुठे चार असतात कुठे सहा, आणि पाच माणसांत चार पीस म्हणजे आई "मला नको, तुम्ही खा" म्हणणार हे ठरलेलंच. एक पीस वाढवून मिळेल का विचारलं तर बरेचदा मिळतो, त्याचे पैसे लागतात इतकंच. गलौटी कबाब असेल तर बाबांसाठी घ्याच, खिमा इतका बारीक आणि कच्च्या पपईने इतका मऊ केलेला असतो की चावायला लागत नाही, दात गेलेल्या नवाबासाठी केला होता म्हणतात, खरं खोटं नवाब जाणे, पण कवळीवाल्या मंडळींचा तो जीव की प्राण असतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो मटणाचा असतो, आईसाठी राजम्याचा किंवा कमलकाकडीचा व्हेज गलौटी मिळतो का बघा. मेनूत "रान" दिसेल, ती मटणाची अख्खी तंगडी, चार-पाच जणांची असते. एका काकांनी तिची किंमत बघून मला विचारलं होतं, रान विकत देताय का किती गुंठे आहे. तुमच्या घरात आई मटण खात नाही तेव्हा रान राहू द्या.

शेवटी आईला दहीभात हवा असेल, आणि हवाच असतो. लाजू नका, साधा भात आणि दही मागा. मेनूत नसला तरी किचनमध्ये दोन्ही असतं. आमच्या एका शेफने तर फोडणी घालून, वर कढीपत्ता तळून पाठवला होता, बिलात लावलाही नाही, त्याची स्वतःची आई तसाच खायची म्हणाला.

मघाशी म्हटलं ना की कॅप्टन गळ्यात मारतो. मारतो. आम्हाला रोजचं टार्गेट असायचं, टेबलामागे सरासरी बिल किती ते दुसऱ्या दिवशीच्या ब्रीफिंगला सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. मी नवीन कॅप्टन झालो होतो तेव्हा चौघांच्या टेबलाने चार कबाब, रान, बिर्याणी आणि तीन भाज्या सांगितल्या, मला दिसत होतं की हे जास्त होतंय आणि मी तोंडातून शब्द काढला नाही, उलट एक रायता वाढवला. निम्मं अन्न परत गेलं. जाताना त्यांच्यातल्या आजी माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आमच्याकडे वाढणाऱ्याला कळतं पोट भरलेलं." ओरडल्या नाहीत, तक्रार केली नाही. मला मॅनेजरची शिवी परवडली असती. तेव्हापासून मी "इतकं पुरेल, नंतर बघू" म्हणायला लागलो, आणि गंमत म्हणजे तीच माणसं परत परत यायला लागली.

तेव्हा कॅप्टन तुमच्या बाजूने कसा करायचा तर त्याला आकडा सांगा. सगळ्यांसमोर नाही, आधी फोनवर किंवा हात धुवायला जाताना. "जेवणाचं सोळा हजारांच्या आत बसवा, बाकी तुमच्यावर सोडतो." तो अपमान वाटत नाही हो आम्हाला, उलट सुटका वाटते, कारण मग आपण एका बाजूला येतो. आणि बाबांच्या मेनूकार्डाचा प्रश्न पण इथेच सोडवा, काही हॉटेलांत पाहुण्यांसाठी किंमत न छापलेलं मेनूकार्ड असतं, मागून बघा. नसलं तर सगळी ऑर्डर आधीच ठरवून टाका म्हणजे टेबलावर मेनूकार्ड उघडायची वेळच येत नाही. कार्डही आधीच काउंटरवर देऊन ठेवा, बिल टेबलावर आणू नका म्हणा. हे आम्ही रोज करतो.

हाताने जेवायचं का? बिनधास्त. बुखारामध्ये तर काटे-चमचे तुम्ही मागितल्याशिवाय देतच नाहीत, गळ्यात एप्रन बांधतात आणि खा म्हणतात, मोठमोठे परदेशी पाहुणे तसेच जेवलेत. नान, कबाब, बिर्याणी हातानेच नीट खाता येते. काट्याने नान तोडणारा माणूस बघून आम्हाला त्याची दया येते, खरंच. लिंबाचा फिंगर बोल शेवटी येतो, तो हात बुडवायचा, प्यायचा नाही, हे सांगायची गरज नसावी पण मी एकाला चव घेताना बघितलंय आणि मी काही बोललो नाही. पहिली वाढ स्टुअर्ड करतो, ते आई-बाबांना अवघड वाटत असेल तर "ठेवा, आम्ही घेतो" म्हणा, तो बाजूला होईल.

पाणी. बसताच विचारतात "मिनरल की रेग्युलर", आणि आपण घाबरून मिनरल म्हणतो. रेग्युलर म्हणा, फिल्टरचं असतं. बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त लावतात त्यावर भांडायला जाऊ नका, डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेल-रेस्टॉरंटना त्यात मोकळीक दिलेली आहे, कारण तिथे तुम्ही नुसती बाटली घेत नाही, बसायची सोय आणि सर्व्हिसही घेता.

बिलाचं मात्र नीट वाचा. स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर जेवणावर जीएसटी 5 टक्के. पण ज्या हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला 7,500च्या वर जातं त्याच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर 18 टक्के. म्हणजे सोळा हजारांचं जेवण बाहेर 16,800 आणि फाइव्ह स्टारमध्ये 18,880, त्याच डाळीला. दारूला जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, म्हणून दोन बिलं आली तर गोंधळू नका. डोक्यामागे दारू सोडून, टॅक्सच्या आधी, मोठ्या हॉटेलात तीन ते चार हजार धरा, बाहेरच्या चांगल्या ठिकाणी त्याहून बरंच कमी.

सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सूचना काढल्या की तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या उचलून धरल्या. तरी बिलात 10 टक्के दिसलेच तर शांतपणे "हा काढून द्या" म्हणा, सोळा हजारांवर ते 1,600 होतात वर त्यावर पुन्हा टॅक्स, आणि नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. आवाज चढवू नका, समोरचा पोरगा तो नियम ठरवत नाही. आणि चार्ज काढायला लावला आणि सर्व्हिस चांगली होती तर टीप मात्र द्या, पाच टक्क्यांच्या आसपास पुरे, जमलं तर रोख. आमच्याकडे सगळ्यांची टीप एका डब्यात जायची आणि महिन्याअखेर पॉइंटप्रमाणे वाटली जायची, त्यात भांडी घासणाऱ्यालाही हिस्सा असायचा.

उरलेलं पॅक करायला सांगा, तेही न लाजता. बिर्याणी आणि डाळ आणा, नान-कबाब तिथेच संपवा, घरी ते रबर होतात. डाळ दुसऱ्या दिवशी थिजून घट्ट झालेली असेल, तिच्यात पाणी घालू नका, दोन-तीन चमचे दूध घालून बारीक गॅसवर ढवळत गरम करा, आणि बाबांना पोळीबरोबर वाढा, आदल्या रात्रीपेक्षा चांगली लागते असं ते स्वतःच म्हणतील.